कालवांत कोकम नको

झाईजवळच्या वाडीत माझं तीन खोल्यांचं पाहुणेघर आहे. शनिवारी मुंबईची मंडळी येतात, समुद्र बघतात आणि जेवतात. त्या जेवणाबद्दल माझं जे काही नाव झालंय, त्यातला मोठा भाग चोरीचा आहे. दोन वर्षं हे कोणाजवळ बोललो नाही. मुळात मी कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्याला लपवणं फार सोपं जातं.

सुरुवात बाटलीने झाली. नाशिकहून आलेल्या एका पाहुण्याने सोव्हिन्यो ब्लां नावाची पांढरी वाइन आणली होती. दिंडोरीकडच्या द्राक्षांची, दिसायला जवळजवळ पाणीच. तिकडे थंडीत रात्री चांगला गारठा पडतो, म्हणून द्राक्षात साखर भरली तरी आंबटपणा टिकतो, असं तो सांगत होता. गार घोट घेतला की जिभेच्या कडा जाग्या होतात आणि कच्च्या पेरूचा वास येतो. मी इकडचा अभिमानी, म्हणून सोबत घोलवडचा चिकू ठेवला. चिकूपुढे ती वाइन बिनसाखरेच्या लिंबूपाण्यासारखी लागली. मग कोकम घातलेली कालवं दिली. आंबटावर आंबट. पाहुणे सभ्य होते, ताट तसंच ठेवून पाणी प्यायले.

स्वयंपाकाच्या मावशी गावातल्याच. ओहोटीला खडकावर बसून शिंपले फोडून कालवं काढायची आणि रांधायची, दोन्ही त्यांचंच काम. गावातला दारूचा गुत्ता बंद करायला बायका गेल्या तेव्हा त्या सर्वांत पुढे होत्या. परत आलेलं ताट बघून म्हणाल्या, "शेठ, ते काय पितात ते बघू जरा."

मी पेला पुढे केला. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग चमचाभर तोंडात घेतली.

"यात आंबट हायच की. मग मी वरून कोकम कशाला घालते? हिरवा लसूण, मिरची, ओलं खोबरं, बस. आणि शेठ, मी चाखली हे कुठे बोलायचं नाय. तो गुत्तेवाला गावभर हसेल."

मी शब्द दिला. पुढच्या शनिवारी तलासरीच्या बाजारातून लसणाची पात आणली. तांदळाच्या भाकरीबरोबर पाहुण्यांनी टोप पुसून खाल्ला. एका बाईंनी विचारलं, ही जोडी कोणाला सुचली?

"मला," मी म्हणालो.

शब्द दिला होता फक्त त्या चमचाभराचा. मी तो सगळ्या पाककृतीवर पांघरला. कार्डावर 'मालकांची खास कालवं' छापलं. भाषणंही देऊ लागलो: तळलेली मांदेली चालतात, सुका बोंबील नको, त्याच्या वासापुढे वाइन टिकत नाही. हेसुद्धा मावशींचंच. मी बाहेर बोलत असताना त्या आत भाकऱ्या थापत असायच्या.

यंदा थंडीत नाशिकच्या त्याच पाहुण्याने बोलावणं धाडलं: आमच्या मळ्यात या, कालवं स्वतः करून दाखवा. मला चहा धड जमत नाही. वही घेऊन मावशींच्या शेजारी उभा राहिलो.

"आज कसली परीक्षा?"

सांगून टाकलं सगळं. त्यांनी आधी कढई उतरवली. आता या काम सोडून जातात, असंच मी धरून चाललो.

"कार्ड मला वाचता येतं, शेठ. मला वाटलं, माझं नाव गावात खराब होऊ नये म्हणून तुम्ही अंगावर घेतलंत."

इथे मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"नाही मावशी. कौतुक मला आवडत होतं."

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि फळीवर ठेवली. "मग नाशिकला मी येते. तुम्ही लसूण सोला."

बर्फाच्या डब्यात कालवं घेऊन आम्ही गेलो. मळ्यातल्या मांडवात मावशींनी कढई चढवली, खाणाऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि एकाने विचारलंच, वाइनला हे जुळेल हे कसं कळलं? मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन म्हणालो, "मी त्यांना चव सांगितली, आणि त्यांनी..."

"मी चाखली," मावशी म्हणाल्या. "चाखल्याशिवाय मीठ तरी कळतं का?"

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "गुत्तेवाल्याला मीच सांगेन. तुम्ही मध्ये पडू नका."

मी पडलो नाही. नवी कार्डं अजून छापून यायची आहेत. तोवर जुन्यांवर 'मालकांची' खोडून पेनाने 'मावशींची' लिहिलंय.