शेवटचं कडवं

काळे कपडे, डोळ्यांत काजळ आणि काळी रंगवलेली नखं, अशा आमच्या बँडमध्ये एक माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बास गिटार वाजवायचा. त्याचं नाव दिना, पण आम्ही त्याला बुवा म्हणायचो. सापगावात त्याची वेल्डिंगची शेड होती. दिवसभर तो लोखंडी गेटं आणि ग्रिल बनवायचा, आणि संध्याकाळी त्याच शेडमध्ये आमचा सराव चालायचा. मी गायचो, नित्या ड्रम वाजवायचा. "काळं घाल रे, आपला बँड गॉथिक आहे," हे सांगून मी थकलो. "दिवसभर काळाच असतो मी," बुवा म्हणायचा, "गाताना तरी माणसात येऊ दे."

गॉथिक रॉक म्हणजे काय, हे मी त्याला मोठ्या गंभीरपणे समजावलं होतं. संथ ठेका, खोल आवाज, मरणाची, ओसाड घरांची, परत न आलेल्या माणसांची गाणी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे बाराव्याचं भजन. वायरी तेवढ्या जास्त." नित्या हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. मला मात्र राग आला. मी इंग्रजी गाण्यांवर वाढलेला, आसनगावहून कल्याणला जाऊन कॅसेटी गोळा करणारा. पण मला जे वर्षानुवर्षं सुचत नव्हतं, ते बुवाला गेट घासता घासता सुचायचं. पुढे आम्ही काढलेल्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्याचे शब्द त्याचे, चालही त्याचीच. माझा फक्त गळा.

त्याच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्याचं नाव असायचं. आमच्याकडच्या भजनात ही रीतच आहे. रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो आणि मागची सगळी मंडळी ते नाव उचलून धरतात. बुवाचे वडील गावच्या मंडळात पदं रचायचे. "बाप जाऊन किती वर्षं झाली," तो सांगायचा, "पण हनुमान जयंतीला अजून अख्खा गाव त्याचं नाव घेतो. फोटो नाय लावला आमी घरात. गरजच नाय पडली." तीच रीत त्याने आमच्या बँडमध्ये आणली होती. घाटाखालच्या धुक्यावर त्याचं एक गाणं होतं. त्याचा शेवट असा होता:

धुक्यामधी एसटी थांबली, उतरलं कोणी नाय,
सापगावचा दिना सांगे, दार लागलं नाय.

हे शेवटचं कडवं तो मला गाऊ द्यायचा नाही. गिटार मागे सरकवून माइकपाशी यायचा, एक हात कानावर ठेवायचा आणि खड्या आवाजात स्वतः म्हणायचा. शेडमध्ये ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. पण कल्याणच्या एका कॉलेजात आमचा कार्यक्रम झाला, तेव्हा 'सापगावचा दिना' ऐकून पोरं खदखदून हसली. कोणीतरी ओरडलं, "महाराज, प्रसाद कधी?" बुवाने त्या दिशेला बघून हात जोडले आणि कडवं पुन्हा एकदा म्हटलं. मी मात्र दिव्याच्या उजेडातून मागे सरकलो. त्या हसण्याची मला जी लाज वाटली, तिनेच पुढचं सगळं केलं.

अल्बमचं कव्हर छापायच्या वेळी मी त्याला विचारलं, "गीत-संगीत म्हणून तुझं नाव टाकू ना?" तो म्हणाला, "बँडचंच टाक. माझं गाण्यात हाय की." मी बँडचं टाकलं. मग मिक्सिंगला मी एकटाच गेलो आणि प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्याआधी हळूहळू विरून जाईल असं करून घेतलं. नित्याला सांगितलं, बुवाला नाही.

सीडी घेऊन मी शेडवर गेलो. त्याने हात धुतले, शर्ट बदलला आणि पत्र्याच्या पेटीवर बसला. पहिलं गाणं विरलं, तो थांबला. दुसरं विरलं. तिसऱ्याला त्याने माझ्याकडे बघितलं.

"कडवं कुठंय रे सुध्या?"

"काढलं. शेवट भजनासारखा वाटत होता."

"आणि नाव?"

"तूच म्हणालास ना, बँडचं टाक."

"मी म्हनलो," तो म्हणाला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने उठून आम्हा दोघांसाठी चहा मागवला. पुढच्या आठवड्यात नित्या आणि मी सरावाला गेलो, तर शेडला कुलूप होतं. बँड तिथेच संपला. पुढे तो सासुरवाडीला, टोकावड्याला राहायला गेला आणि तिथेच गेटं बनवू लागला.

गेल्या वर्षी मी तो अल्बम इंटरनेटवर टाकला. तिथे गीतकार म्हणून बँडचं नाव चालत नव्हतं, एका माणसाचं खरं नाव हवं होतं. मी माझं टाकलं. त्याचं टाकायला तेवढाच वेळ लागला असता. अनोळखी पोरं ती गाणी ऐकू लागली, मला 'सर' म्हणून लिहू लागली. ते सोसेना, म्हणून मी टोकावड्याला गेलो. तो रस्त्याकडेला एक गेट जोडत होता. केस पिकले होते. मी म्हणालो, "बुवा, सगळीकडे तुझं नाव टाकतो. कडव्यांसकट पुन्हा रेकॉर्ड करू. लोकांना आवडतंय."

"तवा लोक हसले म्हणून कापलंस," तो म्हणाला. "आता आवडतंय म्हणून जोडतोस. माझं नाव लोकांना विचारून घेतोस काय रे तू?"

"चुकलं माझं."

"मग राहू दे तुझंच. शेवट नसलेल्या गाण्याला मी माझं नाय म्हणत. बापानं कधी अर्ध्यात उठवलं नाय मंडळीला." त्याने काळी काच डोळ्यांसमोर धरली. "सर तिकडं, ठिणगी लागंल."

घरी परतलो तेव्हा एका मुलीचा मेसेज आला होता. "सर, तुमची सगळी गाणी काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी संपतात. तेच सगळ्यात जास्त मनाला लागतं. असा शेवट तुम्हाला कसा सुचला?"

मी 'धन्यवाद' एवढंच लिहून पाठवलं.