तांब्याच्या ठोकळ्यावरची काच

"श्वास रोखा रं," म्हणत सर चिमटा उचलायचे आणि आम्हा सगळ्यांचे श्वास खरोखरच थांबायचे. लेसरची चिप बारीक मिठाच्या कणाएवढी. कुणी जोरात श्वास सोडला की गेली. एकदा सरांनाच शिंक आली. मग खोपोलीच्या त्या कारखान्यातली आमची अख्खी संशोधनाची खोली फरशीवर रांगत चिप शोधू लागली, आणि सर सगळ्यांच्या पुढे. तुम्हीच सांगा, अशा माणसावर कोण रागावणार?

ते कर्जतकडच्या खेड्यातले. परदेशात शिकून आले, पण आमच्याशी बोलणं गावचंच. मला ‘पोरी’ म्हणायचे आणि डब्यातली सुकटीची चटणी आधी माझ्या झाकणात वाढायचे.

त्या चिपची खोड अशी, की ती एकाच वेळी आठ-दहा छटांचा प्रकाश द्यायची. तो डोळ्यांना दिसत नसे. तो मोजणाऱ्या यंत्राचं पेन कागदावर दर छटेचं एक, अशी फणीच्या दातांसारखी टोकं काढी. आम्हाला एकच टोक हवं होतं, कारण काचेच्या तंतूतून लांब संदेश धाडला की या छटा मागेपुढे पोचतात आणि सगळा गोंधळ होतो. सर चिपपुढे काचेची कपची ठेवत. तिच्यावरून परतलेला प्रकाश एका छटेला बळ देई आणि बाकीच्या उपाशी मरत. पण ऊन चढलं की कपची किंचित सरके आणि भलतीच छटा वरचढ होई.

कपची वेगळ्या स्टँडवर न ठेवता चिपच्याच तांब्याच्या ठोकळ्यावर चिकटवावी आणि ठोकळ्याचं तापमान धरून ठेवावं, ही कल्पना माझी. पहिल्यांदा कागदावर एकच टोक उमटलं तेव्हा सरांचे डोळे भरून आले.

"ह्ये तुजं हाय, पोरी. मुंबैची मान्सं येतील तवा तुजंच नाव सांगीन."

मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत या कामासाठी एकच जागा निघाली होती. ती मला मिळणार, असं मी आईला सांगूनही टाकलं.

त्या प्रयोगशाळेचे पाहुणे काम बघायला आले. मी कोपऱ्यात तापमानाचं बटण सांभाळत बसले होते. जरा दुर्लक्ष झालं असतं तर छटा बदलली असती. माझ्या पाठीमागे सर शुद्ध भाषेत सांगत होते, की ठोकळ्याची युक्ती त्यांना सुचली. कान तापले, पण बटणावरचा हात मी हलू दिला नाही. पाहुण्यांना एकच सुरेख टोक दिसलं.

जागा सरांना मिळाली. निघायच्या दिवशी मी विचारलं, "सर, माझं नाव का नाही घेतलंत?"

"आगं, दोन नावं सांगितली तर येकबी ध्यानात ऱ्हात नाय," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून टेंपोत बसले.

मला फसवलं त्यांनी. पण तो हात मायेचा होता. माया खोटी असती तर मी त्यांना केव्हाच विसरले असते.