कार्डावरचे सात हप्ते

रत्नदीपने कार्ड हातात घेतलं तेव्हा मयुरी त्याला वाढत होती. त्याच दिवशी, नऊ नोव्हेंबरला, ती गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. रक्त, लघवी, वजन सगळं झालं आणि सिस्टरने कार्डावर लिहून दिलं : गर्भ सात आठवड्यांचा.

रत्नदीप ट्रकवर ड्रायव्हर. ऑगस्टअखेर आंध्रात गेलेला तो दसऱ्याला, दोन ऑक्टोबरला, नाचणगावात घरी परतला होता. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून त्याने बोटं मोजली.

"मले येऊन सहा हप्ते नाई झाले," तो म्हणाला. "हे सात कुठून आले?"

मयुरीलाही ते कळलं नव्हतं. बारावी झालेली पोरगी, ऑटोत बसल्याबसल्या तिनेही मनातल्या मनात हाच हिशोब केला होता आणि सिस्टर चुकली असेल म्हणून सोडून दिला होता.

"सिस्टरचं चुकलं असन," ती म्हणाली.

ताट भिंतीवर आदळलं. पाठोपाठ कानाखाली अशी बसली की त्या कानाने तिला बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. केस धरून त्याने तिला मोरीपर्यंत ओढत नेलं. "कोनाचं हाय? बोल, कोनाचं हाय?" दर प्रश्नाला एक लाथ. मयुरीने गुडघे पोटाशी घेतले आणि पाठ त्याच्याकडे केली. पोट अजून दिसतही नव्हतं, फोडणीच्या वासाने उमळून येई तेवढीच काय ती खूण. पण दोन्ही हात आपसूक तिथेच जाऊन घट्ट बसले.

सासू सुलोचना गॅसपाशी उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. सप्टेंबरच्या वीस तारखेला मयुरीची पाळी आली तेव्हा पोट दुखतं म्हणून तिनेच सुनेला ओव्याचं पाणी करून दिलं होतं. तेवढं एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. तिने गॅस बंद केला आणि ती मागच्या अंगणात निघून गेली.

सकाळी मयुरीला कपड्यावर रक्ताचा डाग दिसला. गावची आशा सेविका सरिता तिला तशीच ऑटोत घालून पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. सोनोग्राफीच्या काळ्या पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. "ठोके चालू आहेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस आराम. आणि हे कशाने झालं?"

"मोरीत पाय सरकला," मयुरी म्हणाली.

बाहेर आल्यावर सरिताने तिची ओढणी बाजूला केली. "मोरीत पडलं तं गळ्यावर बोटं उमटते का वं?"

मग मयुरीने सगळं सांगितलं. सरिता कपाळाला हात लावून बाकावर बसली. "अवं पोरी, हप्ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते! सगळ्याच बायांचे. दिवस तं त्याच्यानंतर दोन हप्त्यांनी राह्यते. तुहा नवरा वर्षभर तुह्या पदराले बांधून असता तरी कार्डावर दोन जास्तीच आले असते."

मयुरीला हसू आलं. फुटलेला ओठ पुन्हा उलला.

घरी जाऊन तिने हेच रत्नदीपला सांगितलं. "सरिताले फितवली तू," तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी त्याने पट्टा काढला.

महिनाभर असंच चाललं. गाडीवर गेला की तेवढे दिवस सुटका. परतला की कार्डाचा विषय. गोळ्यांची पाकिटं त्याने नालीत फेकली. सरिताने नवी आणली आणि स्वतःच्या घरी ठेवली. दळणाचं निमित्त करून मयुरी तिथे जायची, गोळी गिळायची, यायची. उलटी होई ती पोटातल्या जिवामुळे की त्याच्या फटफटीचा आवाज ऐकून, हे तिला सांगता आलं नसतं.

नऊ डिसेंबरच्या तपासणीआधी सरिताने थेट रत्नदीपलाच गाठलं. "दादा, माह्यावर इश्वास नाई ना? डॉक्टर मॅडमले सोता इचारजो."

तो आला. व्हरांड्यात वीसेक गरोदर बाया रांगेत बसल्या होत्या. दार उघडंच होतं. मॅडमने कागदावर रेघ ओढून त्याला पाळीची तारीख दाखवली, मग दसरा दाखवला. तो वाकून बघत होता.

"म्हंजे मी घरी यायच्या आधी पोटात काईच नोतं?"

"काहीच नव्हतं. ते आठवडे नुसते मोजण्यापुरते."

रांगेत बायजा बसली होती, नववा लागलेली. तिला राहवलं नाही. "एवढ्यासाठी मारत होता का रे बाईले?" ती हसली. पाठोपाठ सगळा व्हरांडा हसला.

रत्नदीप बाहेर आला. मयुरीला वाटलं, सुटले. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्याच्याकडे पाहून हसली. त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. "चार लोकांत इज्जत काढली माही!" दात तुटून तिच्या जिभेवर आला. ती खाली बसली तसा त्याने पोटावर मारायला पाय उचलला.

तो पाय पोचलाच नाही. बायजाने पाण्याने भरलेली स्टीलची बाटली त्याच्या कानशिलात हाणली. तो भेलकांडला, आणि मग कोण कुठून उठलं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. चपला, डबे, पिशव्या. एकीने केस धरले, दोघी त्याच्या पायांवर बसल्या. "पोटावर मारतो? पोटावर?" त्याच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. मॅडम दारातून ओरडत होत्या, "बायांनो, आपापलं पोट सांभाळा!" सोडा त्याला, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

मयुरी उठली. पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारत सुटली. सरिताने तिचा हात धरला तेव्हा तिने सरितालाही ढकललं. तिला थांबायचं नव्हतं. आपल्या अंगात एवढा राग मावत होता हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्याची तिला भीतीही वाटली.

पोलीस त्याला घेऊन गेले. मयुरीच्या ओठाला चार टाके पडले, आणि त्यानंतर तासाभराने ठरलेली सोनोग्राफी झाली. तांदळाला आता हातपाय फुटले होते. त्यातला एक पाय सारखा झाडत होता. तोंडात कापसाचे बोळे होते म्हणून तिला काही विचारता आलं नाही. ती नुसती बघत राहिली.

तिचे वडील कवडू समुद्रपूरकडून आले आणि लेकीला घेऊन गेले. आठवड्याने, जामिनावर सुटलेला रत्नदीप आईला घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. भुवईला अजून पट्टी होती.

"गैरसमज झालता," तो म्हणाला. "आता समजलं मले. चाल घरी."

"समजलं तं तुमाले दवाखान्यातच होतं," मयुरी म्हणाली. "मॅडमनं समजावल्यावरच मारलं तुमी मले."

सुलोचना पदर तोंडाला लावून रडू लागली. "मले तारीख माईत होती, पोरी. माह्या तोंडातून निंगालंच नाई."

"तुमाले माईत हाये हे मले माईत होतं, आई."

मयुरीने सासूला पाण्याचा पेला दिला. रत्नदीपला दिला नाही. कवडू दाराशी उभे राहिले आणि ते दोघे बसस्टँडकडे वळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

केस चालू आहे. पोलिसात जबाब द्यायला त्या व्हरांड्यातल्या नऊ जणी गेल्या. बायजा गेली तेव्हा तिचं लेकरू बारा दिवसांचं होतं.