महूवालीला हात लावताना

शामराव लांभात्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, आणि घरात अजून त्याची टिमकी वाजवली जाते. अशा घराण्यातल्या माणसानं साठीला टेकल्यावर चार तारांच्या लाकडाला घाबरावं, हे सांगायचं तरी कुणाला? पण शामराव घाबरत होते, आणि ती भीती खरी होती.

ते लाकूड म्हणजे त्यांची बेसगिटार. पस्तीस वर्षांपूर्वी महूच्या फौजी बँडमधला एक हवालदार बदली होऊन निघाला, त्याच्याकडून घेतलेली. म्हणून घरात तिचं नाव महूवाली. शामराव ज्या ऑर्केस्ट्रात ती वाजवतात, त्यातच बायको चारुलता गाते; ती तिला सरळ सवत म्हणते. विमा ऑफिसातली नोकरी सांभाळून शामरावांनी इंदूरचा एकही मांडव सोडला नसेल. अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, सुरू केला की महूवाली घूं घूं करायची, आणि त्यांचा हात तारांवर पडला की गप्प व्हायची. तशी ती करामत एका बारीक वायरची. तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखालून ती आत गेलेली असते. शामरावांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांना वाटायचं, ही आपला हात ओळखते.

गेल्या गणपतीत त्याच वायरनं घात केला. स्टेजवर देव, म्हणून सगळे अनवाणी. वरून पाऊस होऊन गेलेला, सतरंजी ओली. शामरावांनी तारा धरल्या आणि मूठ सुटेचना. तोंड उघडं, आवाज नाही. दोन हातांवर चारुलता त्यांच्याकडे पाठ करून गात होती, आणि तिला काहीच कळत नव्हतं. कीबोर्डवाल्या यतीननं प्लग उपटला म्हणून वाचले. दोष जनरेटरच्या सडक्या वायरिंगचा होता, गिटारचा नव्हे. पण दुसऱ्या दिवशी शामरावांनी महूवाली उघडली आणि ती बारीक वायर कापून टाकली. आता तारांपर्यंत करंट यायला रस्ताच उरला नाही.

मग ती वर्षभर घूं घूं करत राहिली. हात ठेवला तरी, दाबून धरला तरी. त्यांना ते फार लागलं.

यतीन एकदा वैतागून म्हणाला, "भिया, एक तर ही घूं बंद करा, नाही तो नवीन घेऊन टाका. पूरा साउंड खराब होतोय यार."

शामराव दोनदा दुकानात गेले. दोन्ही वेळा नवी मांडीवर घेतली, दोन तारा छेडल्या आणि मुकाट्यानं परत केली. शेवटी यंदा गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी कापलेली वायर पुन्हा जोडली. तेव्हापासून त्यांना घास गिळवेना.

सुदामा नगरच्या मांडवात आरती झाली. चपला पायऱ्यांशी राहिल्या. अँप सुरू झाला, घूं सुरू झाली. शामराव महूवाली गळ्यात घालून उभे, पण हात खिशात. पाठीवरून घाम ओघळत होता.

यतीननं तारांना टेस्टर लावून दाखवला. "बघा भिया, लाइट नाही लागत. कसम से."

शामरावांनी मान हलवली. हात काही बाहेर येईना.

तेवढ्यात चारुलता स्टेजवर आली. तिच्या काखेत घरचा पाट होता, गौरींच्या जेवणाला सवाष्णीला बसायला देतात तो. तिनं तो त्यांच्या पायांशी ठेवला.

"यावर उभे राहा. सूखी लकडी आहे."

"लोक हसतील."

"हसू द्या. लग्नात पण पाटावरच उभे होते ना? पाय तेव्हा पण असेच कापत होते."

त्यांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "आणि तू?"

"माझा माईक बिनवायरचा आहे. वायरवाली ती माझी सवत, मी नाही."

पुढच्या खुर्च्यांत कुणीतरी खरंच हसलं. शामराव पाटावर चढले. त्यांनी हात उलटा करून पुढे केला. करंट लागला तर मूठ आवळते. उलटा हात तारेला धरून बसत नाही.

चारुलतानं माईक उचलला, पण या वेळी ती लोकांकडे वळली नाही. त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, त्यांच्या हातावर नजर ठेवून.

शामरावांनी डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू जाड तारेला टेकवली.

महूवाली गप्प झाली.