गोळी आपलीच होती

उत्तर काश्मीरमधल्या एका बाजाराच्या गावात आमची पोस्टिंग होती. मी तेव्हा नाईकच्या हुद्द्यावर. जानेवारीच्या सुरुवातीला चार जणांची टीम ठरली. कॅप्टनसाहेब, ड्रायव्हर, मी आणि लान्स नाईक भास्कर. युनिफॉर्म न घालता, अंगात फेरन, म्हणजे तिकडचा ढगळ लोकरी अंगरखा, चढवून बाजारात फिरायचं आणि कोण येतं-जातं ते बघायचं, एवढंच काम. रायफल नेता येत नव्हती. प्रत्येकाला एक पिस्तूल मिळालं.

मी खर्डीचा. भास्कर मुरबाडकडचा, टोकावड्याच्या पुढचा. आमची बोली बोलणारे बटालियनमध्ये आम्ही दोघंच. संध्याकाळी बुखारीच्या शेगडीपाशी हात शेकत तो म्हशाच्या जत्रेच्या गोष्टी सांगायचा. बैल कसे पारखायचे, घोंगडीचा भाव कसा पाडायचा. ऐकता ऐकता मला खर्डीची वाट दिसायची. आजही कोणी 'नाय रे' म्हटलं की मी क्षणभर मागे वळून बघतो.

होल्स्टर फेरनखाली फुगून दिसायचं. साहेबांचा हुकूम होता, "दिसता कामा नये." मग ज्यानं त्यानं आपली युक्ती काढली. ड्रायव्हरनं क्रेप बँडेजनं पिस्तूल घोट्याला बांधलं. मी पाठीमागे पँटीत खोचलं. भास्करचं सारखं घसरायचं. माझ्याकडे कंबरदुखीचा इलॅस्टिकचा पट्टा होता. तो मी त्याला दिला.

"झकास बसलं रे," तो म्हणाला.

पट्टा मऊ होता. कापडावरून बोट दाबलं तरी ट्रिगर दबेल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी त्याला सीनियर होतो.

पाच दिवस काही झालं नाही. चेंबर रिकामं असायचं. सहाव्या दिवशी अतिरेकी बाजारात येणार अशी पक्की खबर होती. साडेनऊला साहेब म्हणाले, "आज गोळी चढवा. सेफ्टी ऑन."

अकरा चाळीसला आम्ही बाजाराच्या तोंडाशी गाडीत बसलो होतो. भास्कर माझ्या शेजारी. पिस्तूल खाली सरकलं म्हणून त्यानं फेरनमध्ये हात घालून पट्ट्यासकट ते वर ओढलं. सेफ्टी घासून कधी खाली जाऊन ऑफ झाली होती कोण जाणे. एकच आवाज झाला. गाडीत धूर भरला. बाहेरून कोणी फायर केलं असं वाटून साहेब दार उघडून खाली झेपावले.

"साहेब, आपलंच आहे," मी ओरडलो.

गोळी जांघेत लागली होती. रक्त थांबवायला करकचून बांधायचा पट्टा, टूर्निके, तिथं बसत नाही. मी फील्ड ड्रेसिंग ठेवून दोन्ही हातांनी दाब दिला. साहेब परत आत चढले आणि ड्रायव्हरनं गाडी हॉस्पिटलकडे सोडली. साहेब रेडिओवर होते.

"एक कॅजुअल्टी, गनशॉट. ओव्हर."

"कॉन्टॅक्ट? ओव्हर." पलीकडून विचारलं, म्हणजे चकमक झाली का.

"नेगेटिव्ह. ॲक्सिडेंटल फायर. ओव्हर."

भास्कर शुद्धीवर होता. "माझ्या आईला सांग, गाडी उलटली," तो म्हणाला. "सोताच्याच गोळीनं गेला, असं नको सांगू."

"बोलू नको."

"सांगशील ना?"

"सांगेन."

बारा पंचवीसला फील्ड हॉस्पिटलमध्ये त्यानं प्राण सोडला.

मी त्याच्या आईला गाडी उलटली म्हणूनच सांगितलं. तिनं काही विचारलं नाही. त्यानंतर वर्षातून एकदा तरी मी तिच्याकडे जात राहिलो. ती भाकरी वाढायची, मी खाली मान घालून खायचो.

मी रिटायर झालो. मागच्या वर्षी शहापूरला एका ठेकेदारानं मला त्याचं लायसन्सचं पिस्तूल दाखवलं. जॅकेटच्या खिशात, किल्ल्यांबरोबर. मी म्हटलं, "किल्ली ट्रिगरमध्ये शिरेल. ट्रिगर झाकणारं कडक होल्स्टर घ्या."

"ते दिसतं ना हो."

"दिसू द्या."

"तुमी एवढं खात्रीनं कसं सांगता?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं किल्ल्या काढून दुसऱ्या खिशात टाकल्या. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. एका परक्याला खरं सांगितलं होतं, आणि भास्करच्या आईला नाही.

दुसऱ्या दिवशी मुरबाडला गेलो, तिथून जीपनं टोकावड्याच्या पुढं, भास्करच्या गावी. आई पडवीत वाल सोलत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "आई, गाडी नव्हती उलटली."

"माहीत हाये," ती म्हणाली. "पलटणीचा कागद आला तवाच धाकट्या पोरानं वाचून दाखवला."

"मग बोललीस का नाय?"

"तू एवढ्या लांबून सांगायला आलेलास. तुला खोटा कशाला पाडू?"

"पट्टा माझा होता, आई. मीच दिलेला."

तिचे हात थांबले.

"तू त्याच्यापाशी होतास ना, शेवटपर्यंत?"

"होतो."

"मग झालं," ती म्हणाली, आणि सुपातले अर्धे वाल माझ्यापुढे सरकवले. दुपार होईपर्यंत आम्ही दोघं सोलत बसलो. तिनं मला त्याच्या लहानपणाचं सांगितलं, मी तिला त्याच्या नोकरीतलं.

लान्स नाईक भास्कर सव्वीस वर्षांचा होता. त्याची रजा मंजूर झाली होती. निघायला अकरा दिवस बाकी होते.