आखाजीच्या आदल्या दिवशी तुटलेला स्टड

जगाच्या गाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, आणि घरची गाडी महिनाभर भडभडत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. जळगावात माझं छोटं गॅरेज आहे, मागेच घर. इंजिनाला जिथे धुराची नळी जोडलेली असते तिथला एक नट ढिला झाला होता आणि धूर गाडीत यायचा. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोला म्हटलं, "तू चहा ठेव, तोवर एवढा नट आवळून घेतो. मग निघू."

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जातेच, पण ती आपली आपण जात नाही. माहेरून कोणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. हिला भाऊ नाही. लग्नापासून दरवर्षी सासरेच शिरपूरकडच्या खेड्यातून एसटीने यायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. आखाजीला पितरांसाठी घागर भरतात, ती या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या नावाने भरायची होती, आणि घरात सासूबाई एकट्या. सण जवळ आला तशी ही गप्प गप्प राहायला लागली. शेवटी भाकरी थापता थापता बोलली, "आता मला न्यायला कोण येणार?"

मी म्हटलं, "मी होतो ना तुझा मुराळी. गाडीतून नेतो, थाटात."

"नवरा कुठे मुराळी असतो का? काहीतरीच तुमचं," म्हणून ती हसली, पण बॅग भरायला लागली.

तर तो नट. गंजलेल्या लोखंडाशी घाई करू नये, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. आणि मीच पान्यावर जोर दिला. कट्ट आवाज झाला. नट ज्या आट्यांच्या सळईवर बसतो तो स्टडच तुटला. अर्धा माझ्या हातात, अर्धा इंजिनात.

ही चहा घेऊन आली तेव्हा मी त्या स्टडच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. ती म्हणाली, "बसने जाऊ ना. बस काय नवीन आहे का मला?"

"बसनेच जायचं तर मी कशाला आहे?" मी खेकसलो. तिने कप माझ्याजवळ ठेवला आणि आत निघून गेली. तेच जास्त लागलं.

तुटका तुकडा बोटाच्या पेराएवढाही बाहेर उरला नव्हता. त्यावर तेल मारलं, गॅसच्या बत्तीने तापवलं, आणि लाइट गेल्यावर लावतो ती मेणबत्ती त्याला टेकवली. तापलेल्या लोखंडावर मेण पातळ होऊन आट्यांत शिरतं. मग पकडीत धरून थोडं घट्ट करायचं, थोडं सैल करायचं. तो घट्ट करताना हलायचा, सैल करताना अडून बसायचा. परत तापवा. ऊन असं की पाने हातात धरवत नव्हते. ही पदर खोचून शेजारी बसली, टॉर्च धरला, आणि माझा आवाज चढला की म्हणायची, "त्याला काय कळतं तुमचं? हळू घ्या." दुपार कलायला लागली तेव्हा कुठे तो कुरकुरला आणि फिरला. मग फिरतच बाहेर आला. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. तिचेही हात माझ्यासारखेच काळे झाले होते.

नवा स्टड बसवून नट लावत होतो, तर फाटकाशी रिक्षा थांबली. आतून सासूबाई उतरल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताने रिक्षाचा दांडा घट्ट धरलेला. ही बाई उभ्या आयुष्यात एकटी शिरपूरच्या पुढे गेली नव्हती. चोपड्याला बस बदलून, विचारत विचारत आल्या होत्या. फोन केला असता तर आम्ही येऊ दिलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कशाला आलीस गं माय एवढ्या उन्हात?" हिने विचारलं.

"तुना बाप नही, ते काय व्हयनं? मी शे ना. तुले लेवाले उनू."

बाप नाही म्हणून लेकीला न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. तो स्टड तुटला नसता तर आम्ही सकाळीच निघालो असतो, आणि म्हातारी आमच्या कुलपासमोर उन्हात बसून राहिली असती.

सासरे गेले तेव्हापासून मी हिला रडताना पाहिलं नव्हतं. तिने दिवसकार्याचं सगळं पाहिलं, आईला धीर दिला, स्वतः कोरडीच राहिली. आता आईच्या खांद्यावर डोकं टेकवून, काळ्या हातांनी तिचं लुगडं धरून हुंदके देत रडायला लागली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणत होत्या, "रड माय, रड."

तेवढा नट आवळायचा राहिला होता. पाच मिनिटांचं काम. मी ते मुद्दाम सावकाश केलं.