पिकअपमध्ये न मावणारी गादी

गाद्यांच्या दुकानाचे मालक स्वतःला कमांडर म्हणवून घेत. हे नाव त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच ते पिकअपच्या काचेवर रंगवून घेतलं होतं. पिकअप घेतली होती गाद्या पोचवायला. पण एक दिवस मोबाईलवर वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या गाड्या दिसल्या आणि त्यांच्या डोक्यात वारं शिरलं.

मग काय विचारता! गाडी इतकी उंच झाली की सासूबाईंना चढायला स्टूल लागू लागलं. टायर ट्रॅक्टरला लाजवतील असे आले. पुढे रुतलेली गाडी दोराने ओढून काढायची विंच, बॉनेटमधून वर गेलेलं हवेचं नळकांडं, टपावर घडीचा तंबू. मागे लोखंडी कमान आणि दोन जादा चाकं बसली आणि गाद्यांना जागाच उरली नाही. त्या भाड्याच्या टेम्पोतून जाऊ लागल्या.

दुकान खरं तर बायको चालवायची. एक दिवस तिने निक्षून सांगितलं, "अहो, एकदाची ती वाळू चढून दाखवा. चढलात तर मी चकार शब्द काढणार नाही. रुतलात तर ही सगळी खोगीरभरती उतरवायची आणि गाडी दुकानाच्या कामाला."

"कबूल!" कमांडर म्हणाले.

रविवारी दोघं वाळूच्या टेकड्यांपाशी पोचले. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे चाकं रुतत नाहीत, हे कमांडर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवत.

"हवा नाही सोडायची?" बायकोने विचारलं.

"फोटोत टायर पंक्चर दिसतील. तू मोबाईल धर."

गाडी गरजत निम्म्यापर्यंत गेली आणि थबकली. कमांडरांनी इरेला पेटून जोर दिला, तशी चाकांनी आपापले खड्डे खणले. गाडी पोटावर बसली. मग त्यांनी बायकोची नजर चुकवत गुपचूप हवा सोडली, पण आता उशीर झाला होता. विंच अडकवायला आसपास झाड सोडा, खुंटीसुद्धा नव्हती. त्यांना आता फक्त रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

"वर तंबूत झोपायला काय टाकलंय?" बायकोने विचारलं.

"आपलीच गादी. सगळ्यात महागातली," ते पुटपुटले.

"काढा खाली."

पर्समधल्या कटरने तिने गादीचे सरळ दोन तुकडे केले आणि मागच्या चाकांमागे खुपसले. कमांडरांनी रिव्हर्स टाकला. गाडी कण्हत कण्हत गादीवर चढली. तिथेच बायकोने फोटो काढला.

"निघाली की नाही?" कमांडरांनी छाती फुगवली. "रुतली नव्हती काही. जरा टेकली होती."

बायको हसली आणि कटर पर्समध्ये ठेवला.

सोमवारी कमान उतरली, जादा चाकं उतरली आणि पिकअप गाद्या वाहू लागली. दुकानात मात्र गल्ल्याच्या वर तो फोटो भिंतभर लागला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गाडी चढवून पाहिली, दबली नाही.' गाद्या धडाधड खपू लागल्या. गाद्या पोचवायला कमांडर स्वतः जात आणि दर घरात त्यांना एकच प्रश्न ऐकावा लागे.

"काय हो, फोटोतल्या त्या गाडीचे टायर पंक्चर आहेत का?"